आदेशाआधीचा निरोप

माझ्या नवऱ्याचा निरोप समारंभ झाला तेव्हा त्याच्या बदलीचा आदेश आलेलाच नव्हता. संस्थेच्या अध्यक्षांना तेवढाच एक शनिवार मोकळा होता, म्हणून मुख्याध्यापकांनी तो उरकून घेतला.

नवरा अहमदपूरकडच्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत गणित शिकवायचा. मुलं कमी झाली, एक तुकडी बंद पडली आणि तो ‘अतिरिक्त’ ठरला. अशा शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. कुठं आणि कधी, ते वरून कळतं. मी लातूरच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवत होते आणि नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. एकच संस्था निरनिराळ्या सिद्धांतांच्या चौकटींतून पाहिली तर काय काय दिसतं, हा माझा विषय. अभ्यासाला घेतलेली संस्थाही हीच. घरचीच शाळा घेतली म्हणून गाईड कुरकुरले होते, पण दुसरीकडे मला दारात तरी कोण उभं करणार होतं?

समारंभ रीतसर झाला. त्याला शाल, श्रीफळ, टॉवेल-टोपी. मला साडी. सहकारी भरभरून बोलले, दोघा-तिघांनी डोळे पुसले. जेवणात गुलाबजाम आग्रहानं वाढले. मी स्टेजवर हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते आणि हे सगळं कोणत्या प्रकरणात घालावं याचा विचार करत होते.

सोमवारी तो शाळेत गेला. आदेश नाही म्हटल्यावर नोकरी तिथंच. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुम्ही?” वेळापत्रकातून त्याचे तास काढून टाकलेले होते. तो शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसून राहिला. चहा आला, त्यात त्याचा कप धरलेलाच नव्हता. मग शेजारच्यानं आपल्यातला अर्धा बशीत ओतून दिला. पुढं रोज तसंच चाललं, कित्येक महिने.

मी लिहीत होते. पहिल्या चौकटीत संस्था म्हणजे कामाचं नीट जुळवलेलं यंत्र. एक माणूस जास्त झाला, तो बाजूला काढला. समारंभ त्यातला खडखडाट कमी करतो. दुसऱ्या चौकटीत माणसं त्या गोष्टीचा काय अर्थ लावतात ते बघायचं. त्याच्या एका सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “वहिनी, सरांशी काय बोलावं तेच कळंना बघा. आमी रडून मोकळं झालो की!” त्याचं अवघडणं खोटं नव्हतं. तिसरी चौकट सत्तेची. तिथं प्रश्न असा, की जास्त कोण हे ठरवलं कुणी, आणि अध्यक्षांचा भाचा नोकरीला मागून लागूनही जागेवर कसा राहिला.

तिन्ही बरोबर होत्या आणि तिघींचं आपसात पटत नव्हतं. पहिलीत कुणाचाच दोष नाही, तिसरीत कुणीच निर्दोष नाही. दोन चौकटींत एकदम उभं राहता येत नाही असं काही अभ्यासक म्हणतात. मी आपली आळीपाळीनं त्या घालत गेले, जवळचा चष्मा काढून लांबचा लावावा तशी.

घरी विचारायचे, “अहो, आज काय झालं?” तो म्हणायचा, “कायबी न्हाई.” ते मी तिन्ही प्रकरणांत लिहायचे. नाव घालायचं नसतं म्हणून प्रबंधात तो ‘शिक्षक क’ होता. पूर्वी पेपर वाचता वाचता तो कोऱ्या कडेला गणितं सोडवायचा, ते थांबलं. हा माणूस त्या खिडकीशीच विझून जाणार की कुठल्या वर्गात पुन्हा उभा राहणार, एवढंच काय ते घरात कळायचं बाकी होतं. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. भाकरी थापायचे, कॉलेजला जायचे, आल्यावर टाइप करायचे. तिसऱ्या चौकटीला राग लागतो. तो मी तळटीपांसकट लिहिला, पण आला नाही.

माझ्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात आदेश आला. शाळा उमरीची, लगेच हजर व्हायचं. नांदेडहून उमरी जवळ, म्हणून तो बॅग भरून माझ्याबरोबरच आला आणि विभागाच्या व्हरांड्यात बसला. आत बाहेरगावचे परीक्षक बराच वेळ सिद्धांतांवर बोलले. मग प्रबंध मिटून म्हणाले, “हे सगळं ठीक आहे मॅडम. पण हे शिक्षक क, ते गेले का शेवटी?”

“न्हाई,” माझ्या तोंडून घरचंच निघालं. “बाहेर बसलेत. बाकावर.”

सगळे हसले. मला पदवी द्यायची शिफारस झाली. मी बाहेर येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, “झालं एकदाचं!” आणि बॅग उचलली.

स्टँडवर उमरीची गाडी लागलेलीच होती. तो चढला, खिडकीशी बसला. मला काहीतरी बोलायचं होतं. “अहो,” म्हणत मी खिडकीचा गज धरला.

“आता आणिक कशाला गं?” तो म्हणाला. “माझा निरोप झालाय की.” आणि कित्येक महिन्यांनी हसला.

गाडी फाटकाबाहेर वळली आणि मला रडू कोसळलं. भर स्टँडवर, पदर तोंडात कोंबूनही आवरेना. बाकावरची एक म्हातारी सरकली, मला जागा दिली. “कोन गेलं गं माय?”

“माझा नवरा,” मी म्हणाले. “उमरीला.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. उमरी काही लांब नाही.