एका बाहीचा ब्लाउज

“हयद उद्यावर आली अन् माह्या पोरीच्या ब्लाउजले अजून एकच बाही! एका हातानं लगन लावाचं काय तिचं?”

हळदीच्या आदल्या दुपारी नवरीची आई आमच्या ओसरीसमोर उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज मुळातच दांडगा. जऊळक्याच्या स्टेशनावर थांबलेली मालगाडी त्या आवाजानं सिग्नलची वाट न पाहता निघून गेली, असं मी गावात सांगत असतो. तिकडे लांब कारंज्याकडच्या धनजला राहणारा माझा साडू तर शपथेवर सांगतो की, त्यानं जेवता जेवता तो ऐकला. साडू माझ्याच जातकुळीचा आहे, तेव्हा त्याचं अर्धंच धरा. अर्धं धरलं तरी आवाज मोठा होता.

माझी बायको मशीनवर मान खाली घालून बसली होती. मशीन पुन्हा अडकली होती. दुसरी बाही सुईखाली अर्धी शिवलेली. वरून टाका सरळ आणि उलटून पाहावं तर खाली दोऱ्याच्या जटा. बायकोनं चाक हातानं मागे फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

“दिवेलागणीले भेटन तुमाले,” ती म्हणाली.

“तीज-सणाच्या वक्तीबी असंच म्हणे तू! दिवेलागणीले नाई भेटला त मी वाशीमच्या दुकानात जाईन. अन् एकटी नाई जाणार, सारा मोहल्ला घेऊन जाईन!”

एवढं बोलून ती पदर झटकत गेली.  मशीनच्या मागे भिंतीला खिळा आहे आणि त्या खिळ्याला विळा लटकलेला आहे, त्याच्याकडे बायकोनं एकदा पाहिलं.

लग्न होऊन आली तेव्हा ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, विळ्यानं सोयाबीन सोंगायला जायची. सोंगणीच्या दिवसांत तिचे तळहात असे व्हायचे की काडी ओढली असती तर पेटली असती. मग तिच्या माहेरहून ही पायाची जुनी मशीन आली आणि ती पहिल्यांदा सावलीत बसली. झबली शिवली, उशांचे अभ्रे शिवले, मग परकर, मग ब्लाउज. गावातल्या बायका एकेक करून तिच्याकडे वळल्या. त्या एकदा वाशीमकडे वळल्या असत्या तर परत आल्या नसत्या, आणि मग तो विळा खिळ्यावरून उतरला असता. हे ती कधी बोलून दाखवत नव्हती. पण विळा तिनं कोठीत टाकला नव्हता, नजरेसमोर ठेवला होता.

आता मशीनची हकीकत सांगतो. पोळा झाला तेव्हापासून तिचं हे सुरू होतं. चार दिवस लोण्यासारखी चालायची आणि मग एकदम खट्! सुई मोडायची, नाहीतर खाली दोरा गुंतायचा. बायकोनं सुई बदलली, दोरा बदलला, बॉबिन बदलली. मग मी हात घातला. मी काही साधासुधा माणूस नाही. फवारणीचा पंप मी डोळे मिटून खोलतो, आणि बोअरची मोटर नुसता कान लावून तपासतो. एकदा शेजाऱ्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर मी फक्त रागानं पाहिलं म्हणून सुरू झाला होता. मी मशीनचा पट्टा आवळला, स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले, आणि शेवटी एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला. मशीनला त्याची गरज नव्हती, असं माझं आजही मत आहे.

तरी ती अडायचीच. मग मी तिचं मुंडकं टेबलावरून काढलं, गोधडीत गुंडाळलं, पाठीला दुपट्ट्यानं बांधलं आणि मोटरसायकलवर वाशीमला नेलं. रस्त्यात लोक बाजूला होत होते. एकानं तर न विचारता मला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

वाशीमच्या मेकॅनिकनं ती आडवी पाडली, आतून ब्रश मारला, फुंकली आणि चालवून दाखवली. अशी चालली की त्यानं माझ्या रुमालाला चारी बाजूंनी शिवण घातली, आणि मी वेळेवर मागे सरकलो नसतो तर मलाही कडेनं शिवलं असतं.

“कचरा लय होता दादा,” तो म्हणाला. “काढला. आता बिनघोर जा.”

घरी आणली. थोडे दिवस चालली, आणि पुन्हा खट्!

वाशीममध्ये चालते आणि आमच्या घरात अडते, याचा अर्थ काय काढायचा? माझ्या मायनं काढला.

“नजर लागली तिले,” माय म्हणाली. “साऱ्या गावाचे कपडे एकटीच शिवून राह्यली थे. लोकायच्या डोयात येणारच.”

मायनं चाकाला लिंबू-मिरची बांधली. बायकोनं पायडल मारलं तसं चाक गरकन फिरलं, मिरची तुटून उडाली आणि नेमकी माझ्या डोळ्यात आली. नजर उतरली ती माझी, मशीनची तशीच राहिली. त्यानंतर मायनं पूजा वाढवली. आधी ती शुक्रवारची आंघोळ झाली की मशीनला हळदकुंकू वाहायची. आता मंगळवारीही वाहू लागली. मशीन जितकी जास्त अडे तितकी माय जास्त पूजा करे. आम्हाला त्यात बरंच वाटायचं. घरात कोणीतरी तिच्यासाठी प्रार्थना करतंय, एवढा तरी आधार.

तर त्या दुपारी नवरीची आई गेली, बाही अर्धवट, आणि माय मागच्या अंगणात सुपात तूर पाखडत बसलेली. मी म्हटलं, “सरक. आज हिचा मी पोस्टमार्टमच करतो.”

“करा,” बायको म्हणाली. “पण या बारी एकबी स्क्रू उरला नाई पाह्यजे.”

मशीनचं मुंडकं मागच्या बिजागरीवर उलटं पाडलं, खाली पेपर अंथरला. सुईखालची पट्टी काढली, कापड पुढे ढकलणारे दाते मोकळे केले, बॉबिन धरणारी शटल बाहेर काढली. तिच्या मागच्या खोबणीत काळं-लाल काहीतरी घट्ट बसलं होतं. मी सुईनं टोकरलं. गोटा सुटला आणि पेपरावर पडला. मग त्याच्यामागून एकेक पांढरं-पिवळं काही टपटप पडू लागलं.

तांदूळ होते. हळद लावलेले, अख्खे. आणि तो गोटा म्हणजे मशीनच्या तेलात कालवलेलं कुंकू आणि गूळ. एवढा माल निघाला की एका माणसाचा प्रसादाचा द्रोण भरला असता. साडूला सांगता आलं असतं तर मी परात म्हणून सांगितलं असतं, ते सोडून द्या.

आम्ही दोघं त्या दाण्यांकडे पाहत राहिलो. मला एकदम मायची शुक्रवारची पूजा डोळ्यांपुढे आली. ती हळदकुंकू लावायची तेव्हा सुईजवळची सरकपट्टी बाजूला करायची, तांदूळ-गुळाची चिमूट आत सोडायची, पट्टी पुन्हा लावायची आणि पाठमोरी उभी राहून काहीतरी पुटपुटायची. मी ते नेहमीचंच म्हणून पाहत होतो. चिमूट कुठे जाते हे कधी पाहिलंच नव्हतं. पूजा करणाऱ्याच्या हाताकडे कोण पाहतं?

आता वाटतं, यात मायचं चुकलं तरी काय? आमच्याकडे बैलजोडी होती तेव्हा पोळ्याला तीच त्यांना घास द्यायची. बैलाच्या तोंडात थेट हात घालायची, आणि बैलही तिच्या हाताला दात लागू द्यायचा नाही. मग जोडी विकली. नांगरटी-पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. त्याला घास द्यायचा म्हटलं तर तो बांधावरून उतरायच्या आत दुसऱ्याच्या वावरात. गोठा रिकामा झाला त्या पोळ्याला, म्हणजे मशीन अडू लागली त्याच पोळ्याला, माय पुरणाचं ताट घेऊन गोठ्यात गेली आणि तशीच परत आली. आम्ही सगळे त्या दिवशी पुरणपोळी जेवलो आणि ती का जेवली नाही, हे कोणी विचारलं नाही. घरासाठी राबणारं आणि तिच्या हाताखाली येणारं असं मग या मशीनशिवाय घरात राहिलं होतं काय? मशीनला सुईपाशी तोंड होतं. मायनं तोंड पाहिलं आणि घास दिला.

हे सगळं मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या वेळी मला फक्त हे सुचलं की रहस्य मी उलगडलं. आणि मी तोंड उघडलं, “अवं माय! इकडे ये, पाह्य काय निघालं—”

बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मशीनचं तेल होतं. त्याची चव मला संध्याकाळपर्यंत येत होती.

“काहून?” मी हाताआडून म्हणालो.

“चूप बसा,” ती हळूच म्हणाली. “आईले समजलं त उद्यापासून मशीनपाशी उभं राहाची नाई थे.”

मागच्या अंगणातून मायनं विचारलं, “काय म्हणतं रे?”

“चहा मांडतो म्हणतात,” बायकोनं उत्तर दिलं. त्यामुळे मला चहा मांडावा लागला.

तोवर तिनं जुन्या दातांच्या ब्रशनं खोबण घासली, कोरड्या फडक्यानं पुसली, नवं तेल सोडलं. तांदूळ तिनं फेकले नाहीत. पेपरात गोळा करून कोंबड्यांपुढे टाकले. मग पट्टी लावली, बाही सुईखाली घेतली आणि पायडलवर पाय ठेवला. मी स्वयंपाकघरात आधण ठेवायचं विसरून उभा होतो. मशीन चालली. बाही जोडून झाली, काज-बटण झालं, पाठीमागच्या नाडीला लटकन लागलं. मशीन एकदाही अडली नाही.

दिवेलागणीला नवरीची आई आली. दुपारइतकाच मोठा आवाज लावून म्हणाली, “पाह्य, मी ओरडली म्हणून झाला! आता पाठराखणीचे दोन ब्लाउज राह्यले, थेबी तूच कर.” वाशीमचं नाव तिनं काढलं नाही.

शुक्रवारी माय आंघोळ करून ताट घेऊन आली आणि सुईकडे हात नेऊ लागली.  बायको उठली.

“आई, पोयाले बैलाचं आधी काय धुतो आपण?”

“पाय,” माय म्हणाली.

“मंग हिचे पाय कधी धुतले? पायानंच त चालते थे.”

माय थांबली. मशीनच्या खालच्या लोखंडी पायडलकडे वाकून पाहत राहिली. “खरंच वं पोरी,” ती म्हणाली. “कोनाच्याच ध्यानात नाई आलं.” ती खाली बसली, ओल्या फडक्यानं पायडल पुसलं, हळदकुंकू लावलं, आणि घास तिथेच जमिनीवर ठेवला. दारातली कोंबडी तो मायचा हात निघायच्या आत घेऊन गेली. मायला ते फार आवडलं.

मी खाटेवर बसून हे पाहत होतो आणि आतून फुटायला आलो होतो. आयुष्यात मी एकच बिघाड खराखुरा शोधला होता, आणि तोच मला कोणाला सांगता येत नव्हता. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून गावात हसतात, त्या माणसानं हे कसं सोसलं असेल याचा विचार करा.

उठताना मायनं मशीनच्या लाकडी फळीवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवायची तसा.

“पण मंग इतक्या दिसाचं तिले झाल्तं तरी काय?” तिनं विचारलं.

मी घसा खाकरला. बायकोनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईच्या नाकात ओवलं आणि वर न पाहता म्हणाली, “तेल संपलं होतं.”