अर्डेलाचं देवाशी भांडण

डोव्ह क्रीकमध्ये वावटळीचा भोंगा वाजला की लोक आपापल्या तळघरात शिरत. अर्डेला प्रुइट मात्र नवऱ्याने मरण्याआधी बांधून दिलेलं पक्कं तळघर सोडून, कोंबड्यांना त्यांच्या नशिबावर टाकून, स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर धरून गावाच्या दुसऱ्या टोकाला पळे. तिथे मॉटेल रुडनिकचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानामागे जमिनीत खणलेला एक ओलसर खड्डा. आसपासच्या तीस मैलांत रुडनिक हा एकटाच यहुदी.

"सरका जरा," अर्डेला खड्ड्यात उतरत म्हणे.

"बाई, तुमचं तळघर माझ्या दुकानापेक्षा मोठं आहे."

"असू दे. तुमच्या लोकांना नाहीसं होऊ देणार नाही, असा शब्द देवाने अब्राहामाला दिलाय. प्रुइटांना असलं काही दिलेलं नाही. म्हणून मी आपली तुमच्या शेजारी बसते."

"मी काय घोड्याची नाल आहे?"

"तुमच्या लोकांवर उठलेला तो मिसरचा फारो कुठंय आज? सांगा ना. बाबेलचा राजा कुठंय? आणि तुम्ही बघा, इथे ओक्लाहोमात बसून मला रिबन मोजून देताय."

"फारो मेला हे खरं. पण माझे आजोबाही मेले. घोडेस्वार आले आणि त्यांना दारातच मारून गेले."

"पण तुम्ही आहात ना!"

रुडनिक आभाळाकडे बघून म्हणे, "ये बाबा वावटळी, लवकर ये."

ही शिकवण काही अर्डेलाने काढलेली नव्हती. बॅप्टिस्ट चर्चमध्ये ब्रदर क्लेबर्न वर्षातून चार वेळा त्यावर प्रवचन झोडत. बाकीचे लोक रविवारी मान डोलवत आणि घरी जाऊन कोंबडी खात. अर्डेलाला ते जमत नसे. गोष्ट खरी असेल तर ती आठवडाभर वापरता आली पाहिजे, असं तिचं म्हणणं. रविवारच्या शाळेत ती मुलांकडून घोकून घेई, यहुद्यांना मारायला कोण कोण उठलं आणि त्यातलं कोण कोण मेलं. मुलांना तो भाग फार आवडे, विशेषतः यहुद्यांसाठी उभारलेल्या फाशीवर राजाचा दिवाण स्वतःच लटकतो तो.

सदतीस साली वावटळीने चर्चचा मनोरा उचलला आणि तीन मैलांवरच्या एका चोरट्या दारूच्या भट्टीवर नेऊन उभा केला. रुडनिकच्या दुकानाची मात्र काचसुद्धा तडकली नाही. महिनाभर अर्डेलाने गावाला जगणं नकोसं केलं.

"अहो बाई, त्या रांगेतल्या सहाही दुकानांना काही झालं नाही," रुडनिक वैतागून म्हणाला. "त्यात डुकराचं मांस विकणारा खाटीकही आहे."

"त्याची भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे," अर्डेला म्हणाली.

मग दुसरं महायुद्ध झालं आणि संपलं. पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी रुडनिकचं दुकान भर दुपारी बंद दिसलं. बुधवारीही बंद. लिथुएनियातून कुणाचं तरी पत्र आल्याचं पोस्टमास्तरने सांगितलं. अर्डेलाने पीचची गोड पाई भाजली, वाटेत सांत्वनाचे चार शब्द जुळवले आणि मागचं दार ठोठावलं.

रुडनिक एका पालथ्या खोक्यावर बसला होता. पायात नुसते मोजे. कोटाची कॉलर फाडलेली. तो उठला नाही.

"आई," तो म्हणाला. "दोन्ही बहिणी, त्यांचे नवरे. लहानीची चार मुलं. सगळ्यांना गावाबाहेरच्या रानात नेलं, एका सकाळी." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमचा तो राखणदार त्या सकाळी कुठे होता हो?"

अर्डेलाने तोंड उघडलं. फारो, बाबेल, सगळे रांगेत उभे होते. पण जिभेवर कुणीच येईना.  तिने पाई टेबलावर ठेवली.

"सुतकात सात दिवस असं बसायचं असतं," रुडनिक म्हणाला. "सोबत माणसं लागतात. इथे माणसं कुठली आणायची?"

"मी बसले तर चालेल?"

"बोलणार नसाल तर."

ती बसली, जमिनीवरच. पत्राच्या दिवसापासून मोजलेले सात दिवस पुरे होईपर्यंत रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून ती यायची, कॉफी करायची, भांडी घासायची आणि गप्प बसायची. अर्डेला गप्प बसते हे ऐकून खात्री करायला खिडकीतून डोकावून गेलेले लोक होते.

पुढच्या बुधवारी प्रार्थनासभेत ब्रदर क्लेबर्न उभे राहिले. मिस्टर रुडनिक यांच्या घरच्यांबद्दल ऐकून वाईट वाटलं, म्हणाले, पण बंधुभगिनींनो, यहुदी राष्ट्र आजही टिकून आहे, हाच देवाच्या योजनेचा पुरावा.

अर्डेला उठली. "ब्रदर, तुम्ही बसा. मला त्याच्याशी बोलायचंय."

"कुणाशी, सिस्टर प्रुइट?"

तिने छताकडे बोट केलं. ब्रदर बसले. तिने हात कमरेवर ठेवले, डोळे मिटले नाहीत.

"हे बघ देवा. मी पंचवीस वर्षं तुझी बाजू घेऊन त्या माणसाचं डोकं खाल्लं. शब्द तू दिला होतास, मी नाही. तू झोपत नाहीस म्हणतात. मग जागा राहून काय करत होतास? चार लेकरं होती. माझ्या खुराड्यात कोल्हा शिरला तर मी नेसत्या गाऊनवर बंदूक घेऊन धावते, आणि त्या तर नुसत्या कोंबड्या! मला तुझा राग आलाय. मी जाणार नाहीये कुठे, इथेच येत राहणार. पण राग आलाय. आमेन."

एकानेही आमेन म्हटलं नाही.

"सिस्टर," ब्रदर क्लेबर्न चाचरत म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नसते..."

"ब्रदर, तुम्हाला चर्चच्या सहलीची योजना जमत नाही. गेल्या वेळी पाणीच विसरलात. तुम्ही त्याची वकिली करू नका."

त्या आठवड्यात चर्चचा कारभार बघणारे तीन डीकन तिच्या ओसरीवर आले आणि त्यांनी रविवारची शाळा तिच्याकडून काढून घेतली. देवाची माफी माग, म्हणाले. "आधी त्याने मागावी," ती म्हणाली आणि त्यांना जाताना अंडी दिली. रविवारी ती नेहमीच्या बाकावर हजर होती आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होती.

वसंतात दुसरं पत्र आलं. बहिणीच्या त्या चार मुलांतली थोरली, पेस्या, जिवंत होती. जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत. रुडनिकने अर्ज केले. कागद फिरत राहिले. तेव्हा अर्डेलाने आपल्या भागातल्या खासदाराला दर सोमवारी एक पत्र लिहायला घेतलं. पहिली पत्रं नम्र होती. पुढे एकात होतं: "तुमच्या मतदारांतल्या एकशेचाळीस बायका मी ओळखते, आणि त्यांचे नवरे त्यांचंच ऐकतात." अडीच वर्षांनी पेस्या बसमधून उतरली. वीस वर्षांची, हाडकुळी, तोंडात सिगारेट.

ब्रदर क्लेबर्न हरखले. देवाने कसं राखलं, ते तिने चर्चमध्ये येऊन सांगावं अशी त्यांनी गळ घातली. रुडनिक नको म्हणाला. पेस्या म्हणाली, "सांगते की."

तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "एका शेतकरणीने मला डुकरांच्या खोपटात लपवलं. तीन वर्षं. रोज मला शिव्या द्यायची, रोज बटाटे द्यायची. देव म्हणाल तर मला दिसला नाही. खोपटात जागा कमी होती."

 अर्डेला हसली. एकदा हसू फुटलं ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पेस्याने तिच्याकडे पाहिलं आणि तीही हसली.

बाहेर आल्यावर अर्डेलाने विचारलं, "काय नाव गं त्या बाईचं?"

"ओना यांकाउस्किएने. कॅथलिक. दारू प्यायची."

पेस्याने पुढे सेंट लुईसमध्ये एका घड्याळजीशी लग्न केलं. रुडनिक दुकान विकून तिच्याजवळ राहायला गेला. अर्डेला एक्याऐंशी वर्षं जगली. राग गेला का, असं कुणी विचारलं की म्हणे, "बोलणं चालू आहे." दर बुधवारी प्रार्थनेत ती त्या शेतकरणीचं नाव घेई, दर वेळी निराळ्या उच्चाराने. ब्रदर क्लेबर्ननंतर आलेल्या तरुण पाळकाला ते आफ्रिकेतलं गाव वाटलं. त्याने ते मिशनच्या यादीत लिहिलं, आणि डोव्ह क्रीकचे बॅप्टिस्ट वर्षानुवर्षं त्या गावात सुवार्ता पोहोचावी म्हणून प्रार्थना करत राहिले. अर्डेलाने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.