निळा ठिपका आणि सिलेवानीचा घाट

आमच्या घरात सायकलचं वेड आणलं ते बायकोने. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस मुळात सायकलवाला नव्हताच. नव्हतोच. निवृत्त झाल्यावर मनीषनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून पेपर वाचायचा आणि अकरा वाजता दुसरा चहा मागायचा, एवढाच माझा पुढच्या वीस वर्षांचा कार्यक्रम होता. तो तिला बघवला नाही. तिने स्वतःसाठी एक सायकल घेतली, माझ्या गळ्यात एक मारली, आणि रोज सकाळी वर्धा रोडवर आमची वरात निघू लागली. ती पुढे, मी मागे. बुटीबोरीला जाऊन परत येण्याइतकी मजल गेली तेव्हा तिने जाहीर केलं, "थंडीत पचमढीले जाऊ. सायकलनं."

तिने वही केली. पहिला मुक्काम सौसर, दुसरा छिंदवाडा, तिसरा तामिया, चौथा पचमढी. कुठे चहा, कुठे जेवण, कुठला चढ किती लांब, सगळं लिहिलेलं. सिलेवानीच्या घाटाखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, "इथे यांना सांभाळणे."

आणि मग ती पडली. सायकलवरून नाही. दोन वर्षांत सायकलवरून ती एकदाही पडली नाही. दिवाळीच्या आधी माळ्यावरचा चिवड्याचा डबा काढताना स्टुलावरून पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने पायडलचं एक छोटं यंत्र आणून दिलं. ते खुर्चीसमोर जमिनीवर ठेवायचं आणि बसल्या बसल्या पाय फिरवायचे. ती बजावून गेली, "काकू, तीन महिन्यांत गुडघा पूर्ण वाकला पाहिजे. नाही वाकला तर सायकल विसरा."

काकूंनी त्या यंत्रावर टॉवेल वाळत घातला.

मी रोज मागे लागायचो. रागावलो, गोड बोललो, एकदा हात जोडले. "कुठं जातच नाही ते," ती म्हणायची. "एका जागी बसून पायडल मारू कशाले?" बाल्कनीत तिची सायकल जुनी चादर पांघरून उभी होती. मी पेपर वाचायला बसलो की ती माझ्याकडेच बघत असल्यासारखी वाटायची. दीड महिना असाच गेला. गुडघा अर्ध्यावर येऊन अडला होता. रात्री ती कुशीवर वळताना कण्हायची आणि मी झोपल्याचं सोंग करायचो, कारण काय बोलावं ते मला कळत नव्हतं. मला भीती वाटत होती.

एक दिवस तिने वही माझ्यापुढे टाकली. "तुम्ही जा."

"एकटा? मी?"

"एकटे कशाले? सक्करदऱ्याचे भाऊजी आहेत न."

सक्करदऱ्याचे भाऊजी म्हणजे माझे साडभाऊ, तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हिंगण्याला एका कारखान्यात सुपरवायझर. मनुष्य देवगुणी, पण सायकल चालवतो ती फक्त पुढच्या खाण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचायला. त्यांनी लगेच सुटी टाकली. मेहुणी आमच्या घरी मुक्कामाला आली, बहिणीच्या सोबतीला. पुण्याच्या लेकीने फोनवरून समजावून माझं लोकेशन आईच्या फोनला जोडून दिलं. मी नकाशावर कुठे आहे ते बायकोला घरबसल्या दिसणार होतं. मी म्हणजे एक निळा ठिपका.

निघताना मला वाटलं, बरं झालं, तिचं तेवढंच मन रमेल. सावनेरला पोहोचेपर्यंत माझं हे मत बदललं होतं.

सावनेरच्या अलीकडे तर्री पोहे दिसले म्हणून आम्ही थांबलो. पहिला चमचा तोंडात जातो तोच फोन. "काहून थांबले?"

"पोहे खाऊन राहिलो."

"घरून खाऊन निघाले होते न? किती वेळ लागते?"

पुढे चेन पडली. फोन. "काहून थांबले?" पुढे बाभळीच्या आडोशाला गेलो. फोन. आता तिथून काय उत्तर द्यायचं? म्हणालो, "निसर्ग पाहून राहिलो." "मग पाहा लवकर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सौसरला पोहोचेपर्यंत तेरा फोन झाले. नोकरीत मला असा साहेब कधी भेटला नव्हता. रात्रीच्या जेवणावर मी साडभाऊंपाशी मन मोकळं केलं, "ही बाई मले खुर्चीत बसून हाकून राहिली. स्वतः व्यायाम करायचं नाव नाही, अन् माझ्या श्वासाचा हिशेब ठेवते." साडभाऊंनी सहानुभूतीने मान हलवली आणि माझ्या ताटातला पापड उचलला.

दुसऱ्या दिवशी घाट होता. आदल्या दिवसाच्या सायकलिंगने मांड्या भरून आल्या होत्या. त्यावर सकाळी साडभाऊंच्या आग्रहाने समोसे, मग आलुबोंडे, मग "आता चढ आहे, ताकद पाहिजे" म्हणून पुन्हा समोसे. चढ सुरू झाला तसं ते सगळं पोटात एकमेकांशी भांडायला लागलं. तिसऱ्या वळणावर माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी सायकल टाकून रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलो. साडभाऊ मागून सायकल ढकलत आले आणि माझ्या शेजारी बसले. दोघांनी वर पाहिलं. रस्ता वर जातच होता. फोन आला तेव्हा मी "चेन पडली" म्हणून सांगितलं.

तेवढ्यात संत्र्यांचा टेम्पो आला. मी हात केला नव्हता, हे शपथेवर सांगतो. हात साडभाऊंनी केला. मी फक्त उभा राहिलो. ड्रायव्हर भला माणूस होता. छिंदवाड्यालाच चालला होता. सायकली वर चढवल्या, आम्ही कॅरेटांच्या मधे बसलो आणि गार वारा खात घाट पाहिला. फार सुंदर घाट आहे. सायकलवरून मला तो दिसला नव्हता.

"भाऊ, घरी सांगायचं नाही," साडभाऊ संत्रं सोलत म्हणाले.

"काय सांगायचं नाही?"

"तेच त."

छिंदवाड्याच्या वेशीवर उतरलो आणि उरलेलं अंतर इमानदारीने सायकल चालवत लॉजवर गेलो. वाटेत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेम्पोत बसल्यापासून बायकोचा एकही फोन आला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, एवढंच. संध्याकाळी मीच लावला.

"चढलो घाट," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. वर पोहोचलो होतोच.

"पाहिलं मी," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. "काय गेले तुम्ही! चेन लावल्यावर एकदाही थांबले नाही. मले वाटलं नव्हतं तुमच्याच्यानं होईल."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण असं कौतुक तिने कधी केलं नव्हतं. खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "हं, मेहनत केली न." आणि गाढ झोपलो.

सकाळी लॉजसमोर चहा घेत होतो तेव्हा साडभाऊंना मेहुणीचा फोन आला. त्यांना स्पीकरवर बोलायची खोड आहे, त्यामुळे मी आणि चहावाला दोघांनीही ऐकलं.

"काय जी, काल घाटात तुम्हाले पंख फुटले होते काय?"

"काहून वं? काय झालं?"

"ताईचा टोंगळा सुजला. पाय टेकवत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. आम्ही मनीषनगरचा चौक ओलांडला त्या मिनिटाला ताईने यंत्रावरचा टॉवेल काढला होता. खुर्ची ओढली, फोन समोर डब्याला टेकवून ठेवला आणि ठिपका हलला तशी पायडल मारायला लागली. ठिपका चालला की ही चालायची, ठिपका थांबला की ही थांबायची. आधी पाय अर्धाच फिरायचा. सावनेर येईपर्यंत पूर्ण फिरला. जेवायला उठवलं तर म्हणाली, "ते थांबतील तेव्हा उठीन." पहिल्या दिवशी तिच्या गुडघ्याने जे केलं ते दीड महिन्यात केलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी घाटात ठिपका सुसाट सुटला.

"मी म्हणून राहिली, ताई, थांब वं, दुखवून घेशील. ऐकतच नाही. म्हणते, ते घाट चढून राहिले, अन् मी खुर्चीवर बसून थांबू? घामानं ओलीचिंब झाली होती. पाऊण तास. तुम्ही माणसं आहात का कोण?"

साडभाऊंनी स्पीकर बंद केला. फार उशिरा केला. चहावाला माझ्याकडे बघत होता.

मला माझी लाज वाटली. तेरा फोन आठवले. मी त्यांना पाळत समजत होतो, आणि ती बिचारी पायडलवर पाय ठेवून माझ्या निघण्याची वाट बघत होती.

मी तिला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. समोसे, गोळा, टेम्पो.

"टेम्पोत काय होतं?" तिने विचारलं.

"संत्री."

"गोड होती?"

"बरी होती. दोन खाल्ली."

"आठ," मागून साडभाऊ म्हणाले. खरं बोलायची हीच वेळ त्यांना सापडली.

मग ती ज्या आवाजात बोलली तो मी ऑपरेशनच्या दिवशीही ऐकला नव्हता. "मले वाटलं, तुमच्यासारख्या माणसाले हे जमून राहिलं, तर मले काहून नाही जमणार? मी त्याच्यावर मारत होती पायडल."

"डॉक्टर काय म्हणाले?" एवढंच मी विचारलं.

"दोन दिवस बर्फ अन् आराम. बाकी काही नाही झालं." मग तिने बजावलं, "मी दोन दिवस हलत नाही. तुम्हीपण हलायचं नाही. अन् लोकेशन बंद केलं त याद राखा."

दोन दिवस आम्ही छिंदवाड्याच्या लॉजवर बसून काढले. साडभाऊंनी सुटी वाढवून घेतली. त्यांचे साडभाऊ, म्हणजे मी, फार आजारी आहेत, असं कारखान्यात कळवलं. चौकापर्यंत जेवायला गेलो तरी फोन यायचा, "ठिपका हलला." फोन खोलीत ठेवून जाता आलं असतं. साडभाऊंनी सुचवलंही. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी संध्याकाळपर्यंत खाण्याचं नाव काढलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत फारच मोठं प्रायश्चित्त होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. सूज उतरली होती. व्यायामवाल्या मुलीने हळूहळू करायला परवानगी दिली होती.

"आता पचमढी नाही," बायको म्हणाली. "ते राहू द्या. मी आल्यावर जाऊ. तुम्ही मागं जा, घाट उतरा अन् पुन्हा चढा."

"पूर्ण?"

"मग काय, अर्धा?"

उतरताना ठिपका पुन्हा पळणार, याची मला धास्ती होती. तसं तिला म्हणालो. "उतारावर कोणी पायडल मारते काय?" ती म्हणाली. "उतरा बिनधास्त. मी तवर चहा घेते."

घाटाच्या पायथ्याशी आम्ही सायकली वळवल्या. सकाळी फक्त दोन केळी खाल्ली होती. साडभाऊंनीसुद्धा. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि इतका सावकाश निघालो की एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आमच्या पुढे गेली. मनात एकच विचार होता, की तिकडे एक गुडघा माझ्या वेगाने वाकतो आहे. झटका द्यायचा नाही. पाय गोल फिरला पाहिजे, पूर्ण फिरला पाहिजे. आयुष्यात एवढ्या लक्षपूर्वक मी कुठलंच काम केलं नसेल, सरकारी तर नाहीच.

तिसरं वळण आलं. टेम्पो जिथे थांबला होता त्याच्या जरा पुढे संत्र्याची वाळलेली सालं पडली होती. ती आमचीच असावीत. तिथे थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि थांबलो नाही. त्याच्या पुढचं वळणही काढलं. त्याच्या पुढच्या वळणावर मात्र छाती भात्यासारखी व्हायला लागली, डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी पाय टेकला.

फोन वाजला.

"काहून थांबले?"

खोटं बोलायला लागणारा श्वाससुद्धा शिल्लक नव्हता. "दम लागला," मी म्हणालो.

पलीकडे पायडलची करकर हळूहळू थांबत गेली. मग तिचा श्वास ऐकू आला, माझ्यासारखाच, मोठा आणि तुटक.

"मलेही लागला," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबू. मग निघू."