सरपंचबाईंचा शिक्का
तीन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट या तिन्ही ग्रामसभांत सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसले. जबाबदार ते, ग्रामसेवक आणि गप्प राहिलेले आम्ही. शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला त्यातली शेवटची सभा आठवते. शाळेच्या कोंदट वर्गात सर्वांनी उभे राहून संविधानाची उद्देशिका म्हटली आणि लगेच यजमान खिशातून सरपंचांचा शिक्का काढून ठरावांवर उमटवू लागले. निवडून आलेल्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मी हरकत घेतली. यजमान हसले, "काका, तुमचं संविधान लई जुनं झालं. बाईमाणसाला काहून ताप देता?" सभा खदखदून हसली. तोच बाई पुढे आल्या आणि त्यांनी हात पसरला. "आवो, उठा. शिक्का द्या हिकडं. लोकायनी मला निवडलं हाय." हसणे थांबले. यजमानांनी शिक्का मुठीत आवळला आणि ग्रामसेवकांनी घाईने सभा संपवली. काल माहितीच्या अधिकारात मला त्या सभेचे इतिवृत्त मिळाले. त्यात लिहिले आहे, 'सभा खेळीमेळीत पार पडली. सरपंचांची काही सूचना नाही.' संविधान जुने झाले की नाही, हा वाद मी घालत नाही. ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेत उभे राहून एवढेच सांगावे, की त्या दिवशी बाई बोलल्या होत्या की नव्हत्या.