जनरेटरवर झुलणारा सूर

ती केस आठवली की मला आधी एक आवाज ऐकू येतो, माणसं नंतर दिसतात. इतर प्रकरणांत उलट होतं. म्हणून इतक्या दिवसांनीही ती आठवताना मला घरात बसवत नाही, उठून अंगणात फेऱ्या मारतो. सेवेत मी मोठे गुन्हे पाहिले, पण तपासात असा आनंद फार थोड्या वेळा मिळाला.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी, हजेरी चालू असताना, एका बॅण्ड पार्टीचे मालक तावातावाने आत आले.

"साहेब, आमची मशीन गेली."

मशीन म्हणजे त्यांचा जुना सिंथेसायझर. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हार्मोनियमसारख्या पट्ट्या असलेलं, पण विजेवर चालणारं वाद्य. वर खुंट्या आणि बटणं. ती फिरवून सनईपासून मधमाश्यांच्या थव्यापर्यंत कोणताही आवाज घडवता येतो. मालकांच्या वडिलांनी ते परदेशी यंत्र मुंबईहून आणलं होतं, आणि बनवणाऱ्यांनी ते बनवणं कधीच बंद केलं होतं. त्याचा जाड, किंचित रडवेला सूर दुरून ऐकूनच बाया म्हणत, आली बापा वरात.

आमच्या भागातल्या बॅण्डवाल्यांची एक रीत आहे. आषाढातली शेवटची लग्नतिथी वाजवून आले की पेट्या खोलीत लावतात, त्यांना कुंकू लावतात आणि चातुर्मासभर हात लावत नाहीत. तुळशीच्या लग्नाला नारळ फोडूनच झाकण उघडतं. यंदा झाकण उघडलं तर मशीनच्या जागी गोधडीत गुंडाळलेला एक जुना ॲम्प्लिफायर निघाला. खोलीचं कुलूप मात्र शाबूत.

"किल्ल्या किती?" मी विचारलं.

"दोन. एक माह्याजोळ, एक मास्तरजोळ होती."

मास्तर म्हणजे ती मशीन वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. यंदा आषाढातच अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा मालकांनी त्यांना 'आता घरी बसा' म्हणून निरोप दिला होता. किल्ली परत घेतली ती चार महिन्यांनी. मालकांच्या मते त्या चार महिन्यांतच सगळं झालं. आम्ही अज्ञात चोरट्याविरुद्ध गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. ॲम्प्लिफायर 'जुना, नादुरुस्त' असं लिहून मुद्देमाल खोलीत टाकला.

पंधरा दिवसांनी खबर आली. आमचा खबऱ्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याने मोबाईलवर दोन क्लिप दाखवल्या. एक सोनाळ्याच्या वरातीतली, दुसरी दुसरबीडकडच्या एका हळदीची, तिथल्या ओळखीच्या शूटरने पाठवलेली. दोन्हींत तोच रडवेला सूर.

"मशीन जिल्हाभर फिरून राह्यली साहेब," तो म्हणाला. "सोनाळ्यात त नवरदेवच मास्तरच्या बायकोचा भाचा होता. आवाज मास्तरच्या पोरीनं पेन ड्राइव्हवर देला म्हणतात."

मालकांना बोलावून क्लिप ऐकवल्या. त्यांनी टेबलावर हात ठेवला. "हेच. आता नाव टाका. बाप-लेक दोघायचं."

आता त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर त्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज पडून होता. एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक म्हणून तिची निवड झाली होती. अर्जात रकाना असतो, 'गुन्हा प्रलंबित आहे काय'. तिथे मी 'होय' लिहिलं की नेमणूक संपली. अहवालाला चार दिवसांची मुदत उरली होती. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. माझ्या पडताळणीच्या दिवशी माझे वडील ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली दिवसभर उपाशी बसले होते, आणि तिथल्या फौजदारांनी त्यांना पाणी पाठवलं होतं. ते ऋण मी विसरलो नव्हतो. पण ऋण म्हणून पुरावा डोळ्याआड करता येत नाही.

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावत नाहीत. महिला कॉन्स्टेबल आणि आमचे हवालदार यांना घेऊन मी भरदुपारी मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर खाटेवर होते, मुलगी समोर उभी राहिली. पंचविशीची असेल. मी सरळ विचारलं, "मशीन कुठे आहे?"

"माझ्याजवळ नाही सर."

"मग सोनाळ्यात काय वाजलं?"

"ते मी बनवलं."

हवालदार हसले. "काऊन वं, आवाज का लाडू हाय, बनवाले?"

ती चिडली नाही. आतून लॅपटॉप आणला, पिठाच्या डब्यावर ठेवला आणि उघडला. पडद्यावर त्या जुन्या मशीनचं हुबेहूब चित्र आलं, खुंट्यांसकट. हवालदार म्हणाले, "हा त फोटो होय." तिने बोटाने एक खुंटी फिरवली आणि खोलीत आवाज भरला.

खोटं बोलणारा माणूस वस्तूबद्दल विचारलं की हात जवळ घेतो. हिचे हात पुढे आले. "सर, मी पहिल्यापासून करून दाखवू? मग तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि तिने सगळं पुसून टाकलं. पडदा कोरा, खोली शांत.

मग तिने आवाजाची एक लहर घेतली. कानाला करवतीसारखी लागली. तीच दुसऱ्यांदा घेतली, किंचित उतरवून. दोन्ही एकत्र वाजताच आवाज जाड झाला, जसे दोन गळे एकच ओवी म्हणतात आणि जरासे वेगळे राहतात. मग तिने त्यावर गाळणी लावली. "चहाची असते तशीच सर. वरचा कचरा अडवते, खालचा गोडवा सोडते." गाळणी ती हळूहळू उघडत गेली आणि आवाज तोंड उघडल्यासारखा उमलला. मग एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय केली. पाऊण तास गेला असेल. मी जबाब लिहायला आणलेला कागद कोराच होता. महिला कॉन्स्टेबल पुढे सरकून बसली होती आणि म्हणाली, "अजून थोडं जाड कर ना ताई." मी तिला दटावायला हवं होतं. पण मलाही तेच म्हणायचं होतं.

शेवटी आला तो अगदी मशीनचा सूर. पण मध्येच तो जरा खचायचा आणि पुन्हा सावरायचा.

"हे काय?" मी विचारलं.

"ते मशीनचं दुखणं होय," मास्तर पहिल्यांदा बोलले. "पोरीनं आधी केलं तवा आवाज लय सरळ होता. मी म्हनलं, माय, हे शाळेतलं पोट्टं झालं. तिचं दुखणं टाक त्याच्यात."

मुलीने समजावलं. वरातीत मशीन जनरेटरवर चाले. जनरेटर दर दोन-तीन सेकंदांनी दम टाकायचा, वीज उतरायची आणि म्हाताऱ्या मशीनचा सूर तेवढाच खचायचा. लहानपणापासून तिने मशीन तशीच ऐकली होती, म्हणून खचणंसुद्धा तिने मुद्दाम घडवलं होतं.

माझ्या खिशात दुसरी क्लिप होती. ऐकवली की माणूस गडबडतो, हा आमचा नेहमीचा डाव. मी मोबाईल पुढे केला. "ही दुसरबीडकडची. इथंही तुझा लॅपटॉप गेला होता का?"

तिने हेडफोन लावून ती तीनदा ऐकली. मग हेडफोन काढून बापाच्या कानाला लावले. मास्तर डावा हात टेकून खाटेवर उठून बसले.

"सर, हा माझा नाही," ती म्हणाली. "यात दम टाकणं नाहीच. आवाज शेवटपर्यंत सरळ आहे. ही मशीन घरच्या लाइटवर वाजते आहे. ही खरी आहे."

"मशीनचाच आवाज होय," मास्तर म्हणाले. "साहेब, मशीन जिती हाय."

मी आरोप घेऊन गेलो होतो आणि आरोपीच माझ्यासमोर हरवलेलं माणूस सापडल्यासारखे बसले होते. तरी पोलिसाने लगेच पाघळू नये. ती हुशार होती, आणि हुशार माणूस गोष्टही चांगली रचतो. मी एवढंच म्हणालो, "गावाबाहेर जाऊ नका."

परतताना जीपमध्ये हवालदार म्हणाले, "साहेब, मशीन दुसरबीडले गेली कशी?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न उलटा फिरला: मग तो ॲम्प्लिफायर आपल्याकडे आला कुठून? ठाण्यात पोचताच मी मुद्देमाल खोली उघडायला लावली. ॲम्प्लिफायर बाहेर काढून पालथा केला. बुडाला मळकी चिठ्ठी चिकटवलेली होती, दुरुस्तीच्या दुकानाची. मुक्काम दुसरबीड. पंधरा दिवस तो आमच्याच ठाण्यात होता आणि आम्ही कोणीही त्याला उलटा केला नव्हता. पंचनाम्यावर माझी सही होती.

मालकांना बोलावलं. "मशीन शेवटची कधी पाहिली?"

"आषाढातच साहेब. मी सोता कुंकू लावलं."

"पेटीला लावलं. मशीन कधी पाहिली?"

ते खुर्चीत बसले आणि आठवून सांगू लागले. आषाढातली ती शेवटची तिथी दाट होती. लग्नं जास्त असल्याने त्यांच्या पार्टीचे दोन भाग झाले होते आणि एका मोठ्या लग्नात दुसरबीडकडची पार्टी सोबत वाजवायला होती. दोघांच्या पेट्या एकाच मिस्तरीच्या, एकाच निळ्या रंगाच्या. घाईत आदलाबदल झाली, थकलेल्या माणसांनी न उघडताच पेटी लावली आणि रितीने चार महिने तिला कोणी हात लावला नाही. म्हणजे कुलूप फुटायचं कारणच नव्हतं.

तिकडच्या ठाण्याला कळवून दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पार्टीच्या मालकाकडे पोचलो. मशीन त्याच्या बैठकीत होती, वर क्रोशाचा रुमाल. मागचा क्रमांक आमच्या मालकांच्या जुन्या पावतीशी जुळला.

"म्या चोरली न्हाई साहेब," तो म्हणाला. "पेटी आपोआप आली."

"मग परत का नाही गेली आपोआप?"

त्याने मशीनवरचा रुमाल काढून घेतला. चीज कोणालाही ओळखू येणारी होती, म्हणून वरातीत न काढता तो ती फक्त बंद हॉलमध्ये वाजवत होता. चोरीचं कलम गेलं, दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेतल्याचं लागलं.

तरी माझं समाधान झालं नव्हतं. मुलीचं म्हणणं खरं आहे हे मला माझ्या कानांनी हवं होतं. मशीन आणल्यावर पंचांसमोर ती ठाण्याच्या आवारात मांडली. मास्तर आणि मुलगी आले, मालकही आले. आधी ठाण्याच्या लाइटवर लावली. मास्तरांनी डाव्या हाताने एक पट्टी दाबून धरली. सूर सरळ, दोरी ताणल्यासारखा. मग हवालदारांनी ठाण्याचा जुना जनरेटर सुरू केला आणि मशीन त्यावर जोडली. मास्तरांनी तीच पट्टी दाबली. सूर उठला, खचला, सावरला. पुन्हा खचला. मुलीने शेजारी लॅपटॉप लावला आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. आवारातले सगळे कामं सोडून उभे होते. माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला संकोच वाटत नाही.

मालकांनी टोपी काढली. "मास्तर, मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माह्यं."

"आळाचं सोडा शेठ," मास्तर पट्टीवरचा हात न काढता म्हणाले. "चार महिने तिले कुठं हाय म्हून एकडाव पाह्यलं असतं त बरं झालं असतं."

मी आत गेलो आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी अहवाल लिहिला. त्या रकान्यात 'निरंक'. सही करताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

या केसने मला शिकवलं ते मी नंतर नव्या पोरांना सांगत आलो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की संशय घ्यायला सोपं जातं. मालक, खबऱ्या, मी, सगळ्यांनी दोन क्लिपांतलं सारखेपण ऐकलं आणि तिथेच थांबलो. फरक ऐकला तो ज्या मुलीवर आम्ही बोट ठेवलं होतं तिने, कारण त्या आवाजावर तिचा जीव होता. ज्याला संशयित म्हणतो त्याचं काम नीट समजून घ्यावं. कधी कधी तपासातला सगळ्यात जाणता माणूस तोच असतो.

त्या दिवशी निघताना मुलीने एक परवानगी मागितली. "सर, ठाण्याचा जनरेटर जरा वेगळा दम टाकतो. रेकॉर्ड करू का?" मी हवालदारांना तो पुन्हा सुरू करायला सांगितलं.

मागच्या लग्नसराईत एका वरातीमागे माझी गाडी अडकली. समोर डीजेचं वाहन, त्यावर तो रडवेला सूर. खचणं लांबट होतं आणि सावरताना एक बारीक झटका. मी बायकोला म्हणालो, "हा आमच्या ठाण्याचा जनरेटर आहे."

ती म्हणाली, "हॉर्न वाजवा ना, काऊन थांबले?"

मी वाजवला नाही.