होम प्लेटवरून उठले नाही

“ए, हात लावू नको त्याला!”

मी मास्क उचलायला वाकले होते. बोटं पट्ट्याला धड टेकलीही नव्हती. समोरच्या शाळेच्या खेळाच्या बाई तरातरा आल्या. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. मास्क उचलला आणि रुमालाने पुसला. मी घातलाच नव्हता, तरी पुसला.

“आमच्या मुलींना मग स्किनचे प्रॉब्लेम होतात,” बाई अंपायरला म्हणाल्या. मला नाही. माझ्याशी बोलायची त्यांना गरजच वाटली नाही.

सॉफ्टबॉल न खेळलेल्याला हे मास्कचं प्रकरण कळायचं नाही, म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात नाशिकला पोरींच्या सॉफ्टबॉलला सामान होतं कुठे? आमच्या सातपूरच्या शाळेत ग्लोव्ह होते अर्ध्या टीमला पुरतील एवढे, तेही उसवलेले. सगळीकडे हीच बोंब. म्हणून मैदानावर एक रीत पडली होती. इनिंग संपली की फिल्डिंग करणाऱ्या पोरींनी ग्लोव्ह आपापल्या जागेवर टाकून यायचं, समोरच्या पोरींनी तेच उचलायचे. मास्क, म्हणजे तोंडावर बांधायची तारेची जाळी, होम प्लेटजवळ ठेवायचा, बॅटवाली उभी राहते त्या पांढऱ्या पाटीपाशी. कोणाचा, कुठला, विचारायचं नाही. चांदवडच्या पोरींचे ग्लोव्ह मी घातलेत. माझा घामट ग्लोव्ह पिंपळगावच्या पोरीने घातलाय. कोणाला पुरळ उठलं नाही की कोणी मेलं नाही.

त्या दिवशी या मोठ्या शाळेने रीत मोडली. त्यांच्या पोरी ग्लोव्ह काखेत मारून मंडपात जाऊन बसल्या. ग्लोव्हचं आम्ही कसंबसं भागवलं. मास्क मात्र आमच्याकडे नव्हताच. आणि कॅचर मी. बॅटवालीच्या पाठीमागे उकिडवं बसायचं, तोंड बॉलच्या वाटेत.

“साहेब, मास्क नाही मुलीला,” आमचे सर अंपायरला म्हणाले. सर गणिताचे. खेळ त्यांच्या गळ्यात पडलेला.

अंपायर घड्याळाकडे बघत म्हणाला, “सामान आणायची जबाबदारी तुमची. खेळायचं तर खेळा, नाहीतर मॅच त्यांना देऊन टाकतो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. त्या दिवशी जिल्ह्याची टीम निवडायची होती आणि मला त्या टीममध्ये जायचंच होतं. नववीत होते मी. नाशिकबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. टीममध्ये नाव आलं असतं तर पुण्याला खेळायला मिळणार होतं. तेवढं एकच डोक्यात. बसले तशीच, उघड्या तोंडाने.

आता हा अंपायर आधी काय काय थांबवत होता ते ऐका. त्यांच्या पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, बुटाची लेस सुटली. हात वर. “टाईम!” त्यांच्या कोणाच्या डोळ्यात धूळ गेली. “टाईम!” एकीला ग्लुकोजचं पाणी प्यायचं होतं. “टाईम!” एकीचे पप्पा मारुतीतून कॅमेरा घेऊन उतरले, लेकीचा फोटो काढायला. तेव्हासुद्धा टाईम! अंपायरचा हात वर गेला की बॉल मेला. पळायचं नाही, फेकायचं नाही, जो जिथे आहे तिथेच. एवढी ताकद त्या एका हातात.

तर आमची फिल्डिंग सुरू झाली. त्यांची एक पोरगी तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. आमच्या पिचरचा बॉल खाली राहिला. मैदान मुरमाचं, खड्यांनी भरलेलं. बॉल खड्यावर आपटला, उसळला आणि सरळ माझ्या तोंडावर.

सॉफ्टबॉल म्हणे! ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा तोंडावर खायला लावला पाहिजे.

मी आडवी झाले. वरचा ओठ फाटला, पुढचा दात हलला. तोंडात माती आणि रक्त एकत्र. बॉल कुठेतरी घरंगळत चाललेला. पडल्या पडल्या मी अंपायरकडे बघितलं. त्याच्या हाताकडे. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

“बॉल चालू आहे!” तो ओरडला.

“रन, रन!” बाई किंचाळल्या.

तिसऱ्या बेसवरची माझ्या पायावरून उडी मारून होम प्लेटवर आली. मागोमाग दुसरी आली. टाळ्या वाजल्या. आणि मग, दोन्ही रन पदरात पडल्यावर, साहेबांचा हात वर गेला. टाईम.

सर पाण्याची बाटली घेऊन धावले. “अहो साहेब, रक्त येतंय पोरीला. थांबवायचं तरी...”

अंपायर हसला. हसला! “यांना काय होतंय सर? वस्तीतल्या पोरी. मार खायची सवय असते यांना. ऊठ गं, ऊठ. टाईमपास नको.”

सवय. खरंच होती की. रॉकेलच्या रांगेत ढकलून द्यायचे, आम्ही परत मागे उभं राहायचो. वर्गात मागचा बाक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर आम्हालाच त्याचं कौतुक. मला वाटायचं, आपण दणकट आहोत. कोणासारख्या नाजूक नाही, रडत नाही. त्या मुरमात बसून डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण रडत नाही म्हणूनच तर हे थांबत नाहीत. आपला दणकटपणा यांनी धरून ठेवलाय हिशोबात. मी बाहीने तोंड पुसलं. आणि उठले.

“चल, बस जागेवर,” अंपायर म्हणाला.

मी बसले. पण जागेवर नाही. होम प्लेटवर मांडी घालून बसले.

“हे काय?”

“मास्क आणा.”

“ऊठ तिथून.”

“मास्क आणा, मग उठते.”

“खेळ थांबवायचा अधिकार फक्त अंपायरचा असतो. कळतं का?”

“मग थांबवा ना!”

ओठ फाटलेला, शब्द धड फुटत नव्हते. रक्त गळ्यावरून शर्टावर उतरत होतं. आमची पिचर, माझी जिवाभावाची मैत्रीण, जवळ येऊन कुजबुजली, “ऊठ ना बाई. सिलेक्शन जाईल सगळ्यांचं.” मी मान हलवली. नाही. बाईंच्या हातात तो मास्क तसाच लोंबकळत होता. चार पावलांवर. बाईंनी दिला नाही, अंपायरने मागितला नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि मॅच त्यांना देऊन टाकली.

“हात दाखवून अवलक्षण केलंस,” सर म्हणाले. “आता जिल्ह्याचं विसर.” बसमध्ये पोरी माझ्याशी बोलल्या नाहीत. मैत्रीणसुद्धा दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. त्यांचंही स्वप्न होतंच ना. ते ओठापेक्षा जास्त लागलं मला.

दोन दिवसांनी सर घरी आले. निरोप घेऊन. तो अंपायर निवड समितीवर होता. सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली तर माझ्या नावाचा विचार होईल, असं त्याचं म्हणणं. आमचे अण्णा, माझे वडील, सातपूरच्याच एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये होते, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. साधा माणूस, कोणाशी वाकडं नाही. सरांना बसायला खुर्ची देऊन स्वतः उभेच.

“म्हण ना सॉरी,” अण्णा मला म्हणाले. “सॉरी म्हणल्यानं काय अंगाला भोकं पडत नाय.”

ते हात हलवून बोलत होते. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं. प्रेसखाली गेलेलं. मी लहानपणापासून ते बघत आले होते, पण कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघालंच.

“अण्णा, तुमचं बोट गेलं तेव्हा मशीन कोणी थांबवली?”

अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी परत विचारलं.

“कोन थांबवनार? माल द्यायचा व्हता. मला बाजूला घेतलं, दुसरा मानूस उभा केला.”

“आणि तुम्ही?”

“मी काय... साहेबाला म्हनलं, चूक झाली, माझं लक्ष नव्हतं.”

स्वतःचं बोट गेलं त्याची माफी मागितली होती माझ्या बापाने. सर कपाकडे बघत बसले. मग आई चुलीपाशी होती ती उठली, हाताचं पीठ झटकलं. “सर, च्या घ्या आन् या तुम्ही. माझी पोरगी कुठं जायची नाय.”

मी गेले नाही. नाव आलं नाही. पुण्याला टीम गेली, मी शाळेत बसले. रडले, लय रडले. उगाच शूरपणाच्या गप्पा नकोत.

पण खेळ सोडला नाही. पुढे अंपायरची परीक्षा दिली. दोन हजार सालानंतर जिल्ह्यात मॅचेसना अंपायर म्हणून उभी राहायला लागले. लोक हसायचे, बाई काय अंपायरिंग करणार. हसू दे मेल्यांना.

आणि मग एक फायनल आली. एका बाजूला चांदवडकडची खेड्यातली टीम. कांद्याच्या शेतात राबून सरावाला येणाऱ्या पोरी. दुसऱ्या बाजूला शहरातली बडी शाळा. मॅच बरोबरीत. खेड्यातल्या पोरीने बॉल असा सणसणीत मारला की तो शहरातल्या पिचरच्या छातीवर बसला. ती कोसळली. श्वास अडकला, डोळे पांढरे. खेड्याची रनर दुसऱ्या बेसवरून सुटलेली, तिसऱ्याला पोचत होती. पुढे होम प्लेट मोकळी. आलीच असती. कप त्यांचा होता.

माझा हात वर गेला. “टाईम!” रनरला तिसऱ्यावर ठेवलं. पुढची पोरगी आऊट झाली आणि शेवटी खेड्याची टीम हरली.

त्यांचे सर माझ्या अंगावर धावून आले. डोळ्यात पाणी त्या माणसाच्या. “मॅडम, लय नाव ऐकलं व्हतं तुमचं. तुमी आमच्यातल्या ना? मंग त्या बड्या घरच्या पोरीसाठी थांबवलं? आमच्या पोरींसाठी कोनी थांबवलंय का आजवर?”

“नाही थांबवलं,” मी म्हणाले. “माहितीये मला.”

“मंग?”

“आमच्यातलीच आहे मी. म्हणून थांबवलं.”

ते थुंकले आणि निघून गेले. त्यांच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरा मी विसरलेले नाही. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यातली एक पडली असती, कोणत्याही रनच्या वेळी, कोणाच्याही कपच्या वेळी, तरी मी हेच केलं असतं. जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघटनेने बोलावणं बंद केलं तरी चालेल, दोन्हीकडून शिव्या खाईन. मी उभी आहे त्या मैदानावर पोरगी जमिनीवर असताना रन होणार नाही.