आत्या, जरा हळू

आत्याचे हात पुरुषी होते. रुंद पंजे, जाड बोटं. तिची सून तिला आत्या म्हणायची, म्हणून आम्ही शेजारणीही म्हणायचो. त्या वर्षांत आमच्या राहू गावात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ तिनेच न्हाऊ घातलेलं. पायांवर पालथं घालून ती असं रगडायची, की बाळ घर डोक्यावर घ्यायचं. माझ्या लेकीच्या वेळी मी म्हटलं, "आत्या, जरा हळू." तर मलाच दटावलं, "लेकरू हाय, पापड न्हाई मोडायला. चोळल्याबिगर हाडं घट व्हत्यात व्हय?"

सुनेचा तिला भारी तोरा. वरवंडच्या सख्ख्या भावाची मुलगी तिने हट्टाने लेकाला केली होती. "घरची पोर घरात. रगत वळखीचं हाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

सुनेला मुलगा झाला. त्याची पहिली अंघोळ आत्याची. मी पाणी ओतत होते. तिने पाठीवरून तेलाचा हात फिरवला आणि हातासोबत कातडी निघून आली. बाळ किंचाळलं. आत्या आपल्या तळव्याकडे बघतच राहिली.

दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथे कळलं, की हा कातडीचा जन्मजात आजार आहे. फार क्वचित होतो, आईबाप दोघांकडून येतो. जरा घासलं तरी फोड येणार, सोलवटणार. बरं करणारं औषध नाही. "आजी, तुम्ही चोळलं म्हणून हा आजार झालेला नाही," डॉक्टरीणबाई समजावत होत्या.

"दोघांकडनं, म्हंजी माझ्याच म्हायेरातनं आला की," एवढंच आत्या बोलली.

त्यानंतर गावातल्या बाळांना न्हाऊ घालणं तिने सोडलं. नातवाला तर बोटही लावलं नाही. सून त्याला मऊ दुपट्यासकट उचलायची. आत्या लांब बसून पदराने वारा घालायची.

"आत्या, घ्या की मांडीवर," सून विनवायची.

"नगं गं. माझं हात वंगाळ."

दिवाळीच्या तोंडावर तो गेला. शेवटची अंघोळ घालायला कुणाचं काळीज होईना. तेव्हा आत्या उठली. पाय पसरून बसली, त्याला पायांवर घेतलं. मी बादली पुढे सरकवली, तशी खेकसली, "कोमट आन. तान्ह्याला गार घालत्यात व्हय?"

मी पाणी तापवून आणलं. तिने त्याला सावकाश न्हाऊ घातलं, टिपलं. "आता न्हाई दुखायचं, माझ्या राजा," म्हणत पहिल्यांदाच उराशी धरलं. इतकं घट्ट आवळलं, की माझ्या ओठांवर आलंच होतं, "आत्या, जरा हळू."